दादांची भाजावळ

ईस्टरच्या सोमवारी श्रीधर मुळ्यांच्या बागेतून धूर निघाला तेव्हा श्रीधर केक आणायला गेला होता, आणि हे त्याच्या स्वभावाला धरूनच झालं. या माणसाच्या आयुष्यातल्या सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी तो दुसरीकडे कुठेतरी रांगेत उभा असताना घडल्या आहेत. मुलगा झाला तेव्हासुद्धा तो पार्किंगचं यंत्र सुटे पैसे का घेत नाही ते बघत होता.

डार्मश्टाटच्या कडेला, रुळांच्या पलीकडे, त्याची ती बाग. बाग म्हणजे आपल्याकडची आंब्याफणसाची नव्हे. फेराइन नावाच्या मंडळाकडून भाड्याने मिळालेला जमिनीचा तुकडा, त्यात एक लाकडी खोपट आणि त्याच्यासोबत नियमांचं बाड. कुंपणाची झुडपं छातीच्या वर गेलेली चालायची नाहीत. दुपारी यंत्राने गवत कापायचं नाही. ठरल्या जागेत भाजी लावलीच पाहिजे, नुसती हिरवळ करून लोळायचं नाही. हा तुकडा मिळायला श्रीधरला इतकी वर्षं वाट बघावी लागली की त्याची बायको कुंदा म्हणायची, एवढ्या काळात तपाला बसला असतात तर देव आला असता. बाग मिळाली तेव्हा तो नुकताच निवृत्त झाला होता आणि घरातल्या सगळ्यांना दह्याचे डबे कुठल्या कचऱ्यात टाकायचे ते शिकवत होता. त्यामुळे बाग मिळाल्याचा खरा आनंद कुंदाला झाला.

तर त्या सोमवारी बागेत सगळे मुळ्ये जमायचे होते आणि कॉफीनंतर सही व्हायची होती.

सही हेमचंद्रदादांची. दादा म्हणजे श्रीधरचे थोरले भाऊ. रत्नागिरीच्या खाली धामणखोलला घर, कलमं आणि डोक्यावरचा कातळसडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, सांभाळून राहिलेले ते एकटेच. बाकीचे मुळ्ये आधी पुण्याला गेले, आणि मग पुणंही पुरेना तसे जर्मनीला. दादांचा स्वतःचा कपिल पुण्यातच होता आणि त्याला भाताचं रोप आणि गवत यांतला फरक कळत नव्हता. दादा आणि उल्कावहिनी महिनाभरासाठी आली होती ती श्रीधरच्या सत्तरीला, असं सगळ्यांना सांगितलं होतं. सगळ्यांना म्हणजे शेजाऱ्यांना. घरात प्रत्येकाला ठाऊक होतं की त्यांची तिकिटं नीनाने काढली आहेत, आणि ती कशासाठी काढली आहेत.

नीना ही श्रीधरची सून, हृषिकेशची बायको. ओडेनवाल्डच्या डोंगरातल्या खेड्यातली जर्मन मुलगी, पण मराठी शिकलेली. हृषिकेश हेर्त्सोगेनआउराखला यंत्रांचे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनियर, आणि नीना एका छोट्या संस्थेत होती. या संस्थेचं काम असं, की इकडच्या कंपन्यांनी हवेत जेवढा धूर सोडला, तेवढा गिळून टाकणारी झाडं तिकडे उष्ण देशांत लावून द्यायची आणि त्याचा दाखला कंपन्यांना विकायचा. दाखला मिळाला की कंपनी शुद्ध. कुंदाने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला ते लगेच कळलं. ती म्हणाली, म्हणजे जेवायचं आपण आणि उपास शेजारणीला धरायला लावायचा.

पण नीना मनाची खरी होती, हे मात्र सांगितलंच पाहिजे. लग्नानंतर ती भर श्रावणात धामणखोलला गेली होती. सडा फुलांनी भरला होता, आणि ती त्या फुलांच्या मध्ये पालथी पडून तासन् तास फोटो काढत बसली होती. पुढच्या खेपेला गेली तर शेजारच्या गावचा सडा चिरेखाणवाल्यांनी कापून नेला होता, आणि राहिला होता नुसता लाल खड्डा. ते बघून ती दादांच्या ओटीवर बसून रडली. त्याच दिवशी तिने ठरवलं, की काकांचा सडा वाचवायचा. तीस वर्षांचा करार. चिरेखाण नाही, बंगल्यांचे प्लॉट नाहीत, सड्यावर झाडं, दादांना दरवर्षी काही रक्कम. दोन वर्षं खपून तिने तो करार तयार केला होता. मंगळवारी सही घेऊन ऑफिसात जायचं होतं, आणि सही आली नाही तर तिचं तिथलं वजन काय राहील, याचा हिशेब हृषिकेशने करून ठेवला होता. तो फार चांगला आला नव्हता.

कराराला उघड विरोध होता एकट्या मुक्ताचा. मुक्ता हृषिकेशची धाकटी बहीण, हायडेलबर्गच्या विद्यापीठात. गरम देशांमध्ये पर्यावरणाच्या नावाखाली कोणाची जमीन कोणाच्या हातात जाते, हाच तिच्या अभ्यासाचा विषय. आता आपल्याच घरात असला करार होतोय म्हटल्यावर तिला एकीकडे संताप आला होता, आणि दुसरीकडे, खोटं कशाला बोला, थोडा आनंदही झाला होता. ती नीनाच्या योजनेला हिरवी खोती म्हणायची. सडा काय माळ आहे का ओसाड, की दिसला मोकळा आणि लावली झाडं? तिथे मुळात गवत आणि फुलंच असतात. आणि कागदावर तो मुळ्यांचा असला तरी वाडीची सगळी गुरं तिथे चरतात, त्यांना कोणी विचारलं? यावर हृषिकेश तिला एवढंच विचारायचा, की हे सगळं सांगायला तू गेल्या वर्षी किती परिषदांना विमानाने गेलीस. मग नणंद-भावजयीचं भांडण बहीण-भावाचं होऊन जायचं. नीना गप्प बसायची, आणि कुंदा सगळ्यांना शिरा वाढायची.

या सगळ्यात दादांना काय वाटतं ते कोणी विचारलं नव्हतं. विचारून उपयोगही नव्हता. दादांना नाही म्हणता यायचं नाही. हा त्यांचा जन्माचा दोष होता. विम्याच्या एजंटला नाही म्हणवेना म्हणून त्यांनी एकदा न पाळलेल्या म्हशीचा विमा उतरवला होता. चिरेखाणवाला नागेश दर बाजारच्या दिवशी येऊन ओटीवर चहा पिऊन जायचा, सड्याचं काय ठरलं म्हणून विचारायचा, आणि दादा "बघू" म्हणायचे. त्या बघूवर नागेश अजून आशा धरून होता. आणि नीना तर लाडकी सून. मुळ्यांच्या सगळ्या सुनालेकींत दादांच्या शेतीबद्दल प्रश्न विचारणारी एवढीच. तिला नाही म्हणायचं म्हणजे दादांच्या जिवावर आलं असतं.

आणि नाही म्हणायला कारण होतं. करारात एक ओळ होती, की जमिनीवर आणि भोवतालच्या शेतात कोणत्याही प्रकारची आग लावायची नाही.

कोकणात ज्यांनी शेती केली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पाऊस यायच्या आधी भाताची रोपं जिथे करायची त्या वाफ्यावर, म्हणजे दाढीवर, छाटलेल्या फांद्यांची कवळं पसरायची, वर वाळका पातेरा, वर शेण, वर माती, आणि मग वाऱ्याच्या उलट बाजूने हळूच पेटवायचं. ज्वाळा नाही, नुसती धग. तणाचं बी मरतं, जमीन भाजून मऊ होते, आणि तिच्यावर कोवळ्या रोपांचा तरवा असा येतो की हात फिरवत बसावं. हीच भाजावळ. दादा पोरवयापासून ती करत होते. ते गेल्यावर कोणी करणार नव्हतं, हे त्यांना कळत होतं. पण असेपर्यंत ती बंद करायची, म्हणजे जिवंतपणीच शेतातून उठायचं. त्या ओळीचा अर्थ विमानातच त्यांना लागला होता. त्यांनी तो फक्त उल्कावहिनींना सांगितला, आणि वर बजावलं, की पोरीला बोलू नकोस, तिने फार कष्ट घेतलेत.

उल्कावहिनी बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त कुंदाला सांगितलं.

शनिवारी नीना दादांना आपल्या माहेरी ओस्टरफॉयर बघायला घेऊन गेली. ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात फांद्यांचा डोंगर रचून पेटवायचा, अशी तिकडची रीत. आपली होळीच म्हणा, फक्त बोंब नाही. पेटवायला कोण, तर गावचं अग्निशामक दल. लाल गाडी उभी, गणवेशातली माणसं हातात मशाली घेऊन, आणि पेटल्यावर तीच माणसं बिअर आणि भाजलेल्या सॉसेजी वाटत होती. दादांच्या हातात कोणीतरी लिंबाचं सरबत दिलं. ज्वाळा पार झाडांच्या वर गेल्या. दादा आ वासून बघत राहिले. एवढी मोठी आग त्यांनी सबंध आयुष्यात लावली नव्हती.

नीना नंतर सांगायची, की मला तेव्हाच कळायला हवं होतं. कारण दादांनी तिला लागोपाठ प्रश्न विचारले. हे कोणाचं शेत? कोणाचंच नाही, पंचायतीचं. मग इथे पेरणार काय? काही नाही. राख कुठे नेतात? ट्रकमधून टाकून देतात. दादांना राखेचं इतकं वाईट वाटलं की त्यांचं सरबत हातातच राहिलं. मग त्यांनी विचारलं, आग लावायला इथे बंदी नाही का? आहे तर, नीना म्हणाली, एरवी काडी पेटवायची सोय नाही. पण हे ब्राउखटुम आहे, म्हणजे पूर्वापार रीत. रीत असली की चालतं.

दादांनी मान हलवली. त्या मान हलवण्याकडे नीनाने लक्ष दिलं नाही. ती मनातल्या मनात मंगळवारच्या मीटिंगमध्ये होती.

सोमवारी सकाळी बागेत पहिल्यांदा पोचली ती दादा, उल्कावहिनी आणि कुंदा. श्रीधर त्यांना फाटकाशी सोडून केकच्या रांगेत गेला. आणि दोघी जावा मेथीबद्दल बोलू लागल्या. कुंदाच्या मेथीचं रडगाणं सगळ्या महाराष्ट्र मंडळाला पाठ होतं. पेरली की उगवायची, उगवली की जर्मन गोगलगायी रात्रीत फस्त करायच्या, आणि उरलेल्यात तण. दादांनी वाकून माती हातात घेतली आणि म्हणाले, जमीन गार आहे, कधी भाजलेलीच नाही. कुंदाने उल्कावहिनींकडे बघितलं. उल्कावहिनींनी कुंदाकडे. मग कुंदाने पर्समधून उदबत्तीची काडेपेटी काढून दादांच्या हातात ठेवली.

पुढे चौकशीत श्रीधरने विचारलं, की काडेपेटी कोणी दिली. कुंदा म्हणाली मी दिली, आणि मला माहीत होतं ते काय करणार आहेत. या बाईला अर्धं आयुष्य नियम ऐकावे लागले होते, आणि आपल्या शांत दिराच्या तोंडचा घास सूनबाईच्या कागदाने जातोय हे तिला दोन दिवस झोपू देत नव्हतं. भावजी एकदा करून दाखवू देत, मग बघू कोण काय म्हणतं, एवढाच तिचा विचार होता. फार लांबचा विचार करायची सवय मुळ्यांच्या घरात कोणालाच नव्हती.

दादांनी मेथीच्या वाफ्यापुरतीच दाढ केली. कुंपणाच्या छाटलेल्या काटक्या होत्या, शेजारून येऊन साचलेला पातेरा होता. शेणाची पंचाईत होती, पण खोपटात बाऊमार्क्ट म्हणजे घर-बागेच्या सामानाच्या दुकानातून आणलेली वाळलेल्या शेणाच्या गोळ्यांची पिशवी सापडली. दादांनी ती हुंगली, आणि याला तर वासच नाही म्हणून हळहळले. तरी पसरली. वर माती घातली. वारा बघितला, पाण्याची बादली शेजारी ठेवली आणि कोपऱ्यातून पेटवलं. बघता बघता वाफ्यावर निळसर धूर तरंगू लागला, आणि महिनाभर परक्या सोफ्यांवर अंग चोरून बसलेला हा माणूस पहिल्यांदा ऐसपैस उकिडवा बसला. उल्कावहिनी म्हणाल्या, आता कसे आमचे वाटताहेत.

तेवढ्यात हायडेलबर्गहून मुक्ता आली. शिकलेली पोर, तिला इथले कायदे ठाऊक, तिने तरी थांबवावं की नाही? तिने फोन काढला आणि सगळं चित्रित करायला लागली. काकांना विचारू लागली, माती वर का घालायची, धग किती वेळ ठेवायची. असं माहितीचं घबाड तिला ब्राझीलला संशोधनासाठी गेली होती तेव्हासुद्धा मिळालं नव्हतं.

इकडे श्रीधर केकचा खोका छातीशी धरून गल्लीतून येत होता. मागून लाल गाडी आली. नियमाप्रमाणे तो बाजूला सरकून उभा राहिला आणि मनात म्हणाला, कोण तो बेजबाबदार माणूस, सुटीच्या दिवशी यांना कामाला लावतो. गाडी पुढे जाऊन त्याच्याच फाटकाशी थांबली. हृषिकेश आणि नीना त्याच वेळी समोरून येत होते. त्यांनी आधी श्रीधरचा चेहरा बघितला आणि मग धूर.

अग्निशामक दलाची माणसं आत शिरली. आणि दादांना इतका आनंद झाला, की ते उठून उभेच राहिले. शनिवारी याच गणवेशातल्या माणसांनी स्वतःच्या हाताने आग लावली होती, सरबत दिलं होतं. ही माणसं सणाची आग लागली की येतात, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. इतक्या छोट्या दाढीसाठीसुद्धा आली, केवढा हा मोठेपणा. ते हात जोडून पुढे झाले, या या म्हणाले, खुर्च्या पुढे केल्या आणि उल्कावहिनींना लाडू काढायला सांगितले. उल्कावहिनींनी डबा उघडून पहिला लाडू त्यातल्या मुख्य माणसाच्या हातात दिला. त्याने तो घेतलाही, कारण बाई वयस्कर होती. मग एका हातात लाडू धरून त्याने दुसऱ्या हाताने मागच्याला खूण केली, आणि मागच्याने नळीने वाफ्यावर पाणी सोडलं.

दादा बघत राहिले. धग विझली, माती वाहून वाटेवर आली, राखेचा चिखल झाला. त्यांनी कोणाला अडवलं नाही. फक्त हातातली काटकी खाली टाकली. नीना फाटकाशी उभी होती आणि तिने दादांचा चेहरा बघितला. आतापर्यंत भाजावळ हा शब्द तिने कागदावरच वाचला होता, शेतकामाच्या नुकसानकारक पद्धतींच्या रकान्यात. तो रकाना तिनेच भरला होता.

मग फ्राऊ वाइडनर आल्या. फेराइनच्या अध्यक्ष. तीन बागा पलीकडे त्या उन्हाळाभर मुक्काम ठोकून असतात आणि कोणाचं झुडूप किती बोटं वाढलं ते त्यांना घरबसल्या कळतं. फोन त्यांनीच केला होता. त्यांनी श्रीधरला सुनावायला सुरुवात केली. एप्रिल कोरडा चालला आहे, आग लावायला सक्त मनाई आहे, त्यातून आज सुटी, त्यातून धूर शेजाऱ्यांच्या धुतलेल्या कपड्यांवर. बाग काढून घेण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. श्रीधर हातातल्या केकसकट “या, या”, म्हणजे हो हो, म्हणत माना डोलवत होता. इतक्या वर्षांची त्याची नेकी त्या चिखलात वाहून चालली होती.

"एक मिनिट," नीना पुढे होऊन म्हणाली. "आल्झो, म्हणजे ही साधी आग नाही."

आणि नीना बोलायला लागली. जर्मनमध्ये, चांगलं खणखणीत. मुक्ता दादांच्या कानाशी बसून मराठीत सांगत होती. नीना म्हणाली, ही यांची शेकडो वर्षांची रीत आहे. ज्वाळा नाहीच, मातीखालची धग आहे. यात औषधं फवारावी लागत नाहीत. फांद्या झाडाच्या, राख शेताची, बाहेरून काही आणायचं नाही, बाहेर काही टाकायचं नाही. परवा आपण गावोगाव डोंगराएवढी लाकडं जाळली, नुसती बघायला, आणि वर बिअर प्यायलो. त्याला आपण संस्कृती म्हणतो. यांनी मेथीपुरता वाफा भाजला तर तो गुन्हा कसा? कोणती आग चांगली आणि कोणती वाईट, हे दर वेळी आपणच का ठरवायचं?

बोलता बोलता तिचा आवाज मध्येच बसला. आपण काय बोलतोय ते तिच्या स्वतःच्या कानावर पडलं असावं. मुक्ताचं भाषांतरही थांबलं. दोन वर्षं जे ती या भावजयीला सांगत होती, ते भावजय तिच्यापेक्षा चांगलं बोलली होती, आणि तेही फ्राऊ वाइडनरसमोर. मुक्ताला पहिल्यांदाच तिचा अभिमान वाटला. हृषिकेश मात्र कपाळाला हात लावून बसला.

फ्राऊ वाइडनर बधल्या नाहीत. त्या म्हणाल्या, रीत तिथे असेल, पण ही जमीन इथली आहे. इथल्या जमिनीला काय सोसतं ते इथल्यांना ठाऊक. आणि त्यात काही खोटं नव्हतं. शेवटी असं ठरलं, की पाहुण्यांनी दोन ओळी लिहून द्याव्यात, या बागांमध्ये पुन्हा आग लावणार नाही म्हणून, आणि मग विषय मिटवावा. अग्निशामकवाल्याने लाडू संपवला, आणखी एक घेतला आणि माणसं घेऊन गेला. फ्राऊ वाइडनर मात्र कॉफी घेऊन तिथेच बसल्या.

मुक्ताने त्या दोन ओळी दादांना मराठीत वाचून दाखवल्या. दादांनी शांतपणे ऐकलं.

"बरोबर बोलली बाई," ते म्हणाले. "जमीन त्यांची, तर रीतही त्यांचीच. माझं चुकलं." आणि त्यांनी मोठ्या, वळणदार अक्षरात सही केली.

मग कागद त्यांनी नीनाच्या पुढे सरकवला.

"आता असाच एक तू मला लिहून दे, सूनबाई. धामणखोलात काय जाळायचं आणि काय लावायचं, ते धामणखोल ठरवील. तू आत्ता त्यांना सांगितलंस ना, तेवढंच लिही. मग तुझ्या कागदावर मी सही करतो."

कुंदा केक कापायची थांबली. नीनाने कागद हातात घेतला आणि परत समोर ठेवला. मग तिने सगळं सरळ सांगितलं. काका, माझं ऑफिस हे मान्य करणार नाही. वरून उपग्रह बघतात, शेतात धूर दिसला की दाखला रद्द. वाडीची गुरं सड्यावर दिसली तरी प्रश्न येतो. ती ओळ काढली तर करारच उरत नाही.

"मग गं काय करायचं?" दादांनी विचारलं. ते खरोखरच विचारत होते. त्यांना वाटलं, शिकलेल्या माणसांकडे काहीतरी तोड असेल.

"मग सही करू नका," नीना म्हणाली.

हृषिकेशने डोकं वर केलं. तो तिला जर्मनमध्ये हळूच म्हणाला, मंगळवारी काय सांगशील, दोन वर्षं झाली. नीनाला रडू येत होतं, आणि ते तिने लपवलंही नाही. त्या सड्यावरच्या फुलांसाठी तिने हे सगळं केलं होतं. आता तिथे झाडं लागणार नव्हती, पण नागेशची यंत्रंही थांबणार नव्हती.

"पण तुम्ही स्वतः म्हणा, काका," ती म्हणाली. "मला उद्या खोटं सांगायचं नाहीये. मालक नाही म्हणाले, असं सांगायचंय. म्हणा."

झाली का पंचाईत. दादांनी घसा साफ केला. तसं बघायला गेलं तर, त्यांनी सुरुवात केली. नीनाने मान हलवली. सध्या तरी, दादा म्हणाले. मुक्ता म्हणाली, काका, हे “बघू”च झालं. आपण पुढल्या वर्षी या विषयावर, दादा म्हणाले, आणि कपाळावरचा घाम पुसला. कपिलला एकदा फोन करून. उल्कावहिनींनी डोळे मिटून घेतले. फ्राऊ वाइडनरना मराठी येत नव्हतं, पण त्यांनीही कप खाली ठेवला आणि त्या दादांकडे बघू लागल्या.

"अहो भावजी," कुंदा म्हणाली, "पोरगी स्वतः सांगतेय. म्हणा की."

दादांनी नीनाकडे बघितलं. त्यांचा हात तिच्या डोक्यावर गेला, आणि तिथेच राहिला.

"नाही," ते म्हणाले.

उल्कावहिनींनी डोळे उघडले. इतक्या वर्षांच्या संसारात तो शब्द त्यांनी या तोंडून कधी ऐकला नव्हता. दादांना स्वतःलाही नवल वाटलं असावं. ते थोडे घाबरून नीनाला म्हणाले, "चाललं का असं?"

"गेनाऊ असंच," नीना नाक पुसत म्हणाली.

दादा खुर्चीत मागे टेकले. काही वेळ ते ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते. कुंदाला वाटलं, रामरक्षा म्हणताहेत. तिने कान दिला तर ते तेच म्हणून बघत होते, एकदा हळू, एकदा जरा जोरात.

"सोपं आहे गं," ते उल्कावहिनींना म्हणाले. "गेल्यावर नागेशलाही सांगून टाकतो."